रुईबोर वस्तीचा विनंती थांबा

बुद्धप्रिया सोनकांबळे हिने आजवर कितीतरी थांबे, फाटे आणि रेल्वेची फाटकं पुसून टाकली. जमिनीवरून नव्हे, ते काम सरकारचं. तिनं पुसली ती इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातून. लातूरच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल आहे. दुपारी पोरं वर्गात नाहीतर कँटीनमध्ये असतात, ग्रंथालयात पंख्याच्या आवाजाखेरीज काही नसतं, तेव्हा ती बिनपगारी हे काम करत बसते. ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही लिहितं, हीच त्याची थोरवी आणि हाच त्याचा ताप. वाहतुकीचा विभाग तर विचारूच नका. ज्याच्या गावाला एसटी येते त्याला वाटतं, आपल्या थांब्यावर स्वतंत्र लेख पाहिजे. फाट्यावर चहाची टपरी निघाली की लेख, वळणावर ट्रक उलटला की त्या वळणावर लेख. एका पठ्ठ्यानं तर आपल्या मामाच्या काळीपिवळीवर लेख लिहिला होता, मामाच्या स्वभावासकट.

या पसाऱ्याला शिस्त लावली ती बुद्धप्रियानं. जंक्शनला स्वतंत्र लेख मिळेल, एसटीच्या आगाराला मिळेल, बंद पडलेल्या जुन्या रेल्वेमार्गाला मिळेल. नुसता थांबा, नुसता फाटा, नुसतं फाटक यांना मात्र नाही. त्यांनी तालुक्याच्या यादीत एका ओळीत बसायचं. अपवाद एवढाच, की त्या जागेबद्दल कुणा तिऱ्हाइतानं सविस्तर लिहिलेलं आणि छापलेलं काही दाखवता आलं पाहिजे, आणि लेख लिहिणारा त्यातल्या माणसांच्या नात्यातला नको. हा नियम तिनं लिहिला, चर्चेत लढवला आणि मंजूर करून घेतला. बाकीचे संपादक त्याला 'लातूरची चाळणी' म्हणायचे. म्हणायचे चिडवायला, पण तिला ते आवडायचं.

ती अशी कडक का, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की ज्या घरात ती वाढली तिथं कागद नसला की कुणी तुमचं ऐकून घेत नाही. दाखला आणा, साक्षीदार आणा, पोच दाखवा. तोंडी बोलणं म्हणजे वाऱ्यावरची वरात, हे तिनं लहानपणीच पाहिलं होतं. म्हणून छापलेल्या शब्दावर तिचा जीव होता, आणि आठवणी सांगायला आलेल्या माणसांशी ती जरा तोडूनच वागायची. भोकरच्या कुणा व्यंकटनं एका रेल्वे फाटकावर लेख लिहिला होता. त्याचा आजा तिथं आयुष्यभर फाटकवाला होता. लेख काढू नका म्हणून तो बिचारा चर्चेच्या पानावर विनवण्या करत राहिला. बुद्धप्रियानं त्याला ठरलेलं उत्तर चिकटवलं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो. परंतु ज्ञानकोश ही आठवणींची जागा नाही.' मग तिनं डबा उघडला आणि शांतपणे जेवली.

या पावसाळ्याच्या शेवटी एका सोमवारी तिनं काढून टाकायच्या लेखांची यादी उघडली आणि वरचंच नाव तिनं पुन्हा वाचलं. 'रुईबोर वस्ती (विनंती थांबा)'. विनंती थांबा म्हणजे जिथं एसटी आपणहून थांबत नाही, हात केला तरच थांबते. कंधार तालुक्यातलं रुईबोर हे तिचं माहेर. लेख लिहिला होता तिच्या धाकट्या भावानं, आदर्शनं, आणि तोही स्वतःच्या नावानं, राजरोस. तो काढून टाकायला सुचवलं होतं निलंग्याच्या आदिनाथनं. आदिनाथ म्हणजे एसटीच्या गाड्यांचा वेडा, मनानं सरळ, आणि या कामात तिनंच तयार केलेला. त्यानं लिहिलं होतं, 'लातूरच्या चाळणीतून जात नाही. छापील आधार नाही. लेखक नात्यातला दिसतो.' खाली तिचीच दोन वाक्यं चिकटवली होती, भावना समजू शकतो आणि आठवणींची जागा नाही. चर्चेला एक आठवडा.

तिनं आदर्शला फोन लावला. तो नांदेडला एका मोटारीच्या शोरूममध्ये नोकरीला होता.

"कुणी सांगितलं होतं तुला हे उद्योग करायला?"

"अक्का, आबाच्या छातीत आता हवाच राहीना," तो म्हणाला. "डाक्टर म्हनले, दिवाळी बी दिसंल का न्हाई सांगता येत न्हाई. थांब्याचा बोर्ड काढल्यापासून जेवन तुटलंय त्यांचं. म्हनलं, जमिनीवर न्हाई तर न्हाई, कुठंतरी तर राहू दे. आन् तू हायस की तिथं."

"मी आहे म्हणूनच राहणार नाही रे," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आबा म्हणजे तिचे वडील ग्यानोबा. बांधकाम खात्याच्या रोड गँगवर त्यांची हयात गेली. दुसऱ्यांच्या गाड्या नीट जाव्यात म्हणून खड्डे भरायचे, उकळतं डांबर ओतायचं. त्या धुरानंच छाती गेली असं डॉक्टर म्हणतात. त्यांची बौद्ध वस्ती गावाच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. कंधारहून येणारी एसटी वस्तीच्या दारावरून जायची, पण थांबायची पुढं गावच्या वेशीत. वस्तीतल्या माणसानं वेशीपर्यंत चालत जायचं, तिथं पारापासून लांब उभं राहायचं, गावातले सगळे चढले की मग चढायचं. तोवर जागा भरलेली असायची. कधी कंडक्टर डबल बेल देऊन मोकळा व्हायचा. ग्यानोबाची बायको नागुबाई दिवस भरलेली असताना अशीच दोन गाड्यांना मुकली आणि वेशीतल्या नालीच्या कडेला बाळंत झाली. ते मूल जगलं नाही. बुद्धप्रिया त्याच्यानंतरची.

त्यानंतर ग्यानोबानं थांब्याचा ध्यास घेतला. एसटीच्या साहेबांनी सांगितलं, ग्रामपंचायतीचा ठराव आणा. ग्यानोबा वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे घेऊन पंचायतीत गेला. अर्जाखाली त्यानं 'समस्त ग्रामस्थ' असं लिहून घेतलं होतं. पंचायतीतल्या एकानं ते मोठ्यानं वाचलं आणि सगळे हसले. "ग्रामस्थ आमी. तुमी वस्तीवाले. तसं लिवून आन." तसं लिहून नेलं, तरी ठराव झाला नाही. मग तो गँगवरून सुटला की वस्तीपुढच्या लिंबापाशी रस्त्याच्या मधोमध उभा राहायला लागला. ड्रायव्हर शिव्या घालायचे. एक भला निघाला आणि थांबला, मग दुसरा थांबला. एसटीनं पाहणी करून बोर्ड लावला. तो रात्रीतून कुणीतरी उपटून विहिरीत टाकला. ग्यानोबानं पुन्हा अर्ज केले, पुन्हा बोर्ड आला, पुन्हा विहिरीत गेला. तिसऱ्यांदा लागला तो मात्र राहिला. तो परवा रस्ता रुंद होईपर्यंत होता. या उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता झाला, लिंब तोडला, बोर्ड ट्रॅक्टरमध्ये टाकून नेला, आणि एसटी आता नव्या फाट्यावरून परस्पर जाते. ही गोष्ट बुद्धप्रिया लहानपणापासून ऐकत आली होती. तिसरा बोर्ड का राहिला, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं रजा टाकली आणि नांदेडची गाडी धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तिचं बाहेर लक्ष नव्हतं. छापील आधार पाहिजे. एका वृत्तपत्राचं एक कात्रण, बस. आपलीच चाळणी आपल्या छातीवर घेऊन ती एसटीत बसली होती आणि मनात म्हणत होती, कुणीतरी लिहिलं असेल, एवढा माणूस रस्त्यात उभा राहिला, कुणीतरी लिहिलंच असेल.

नांदेडच्या एका जुन्या वाचनालयात बंद पडलेल्या एका स्थानिक दैनिकाचे बांधीव अंक आहेत. ग्रंथपालाला ग्रंथपाल नाही म्हणत नाही. दोन दिवस ती पिवळी पानं उलटत राहिली, नाकात धूळ गेली, शिंका आल्या, पानं कडेनं तुटून हातात आली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी सापडली. चांगली पाऊण पानाची, फोटोसकट. 'रुईबोर वस्तीला एसटीचा थांबा. शेषेराव पाटलांच्या अथक प्रयत्नांना यश.'

तिनं ती परत वाचली. शेषेराव पाटलांनी अर्ज केले. शेषेराव पाटलांनी साहेबांची गाठ घेतली. वस्तीच्या बांधवांची गैरसोय शेषेराव पाटलांना पाहवली नाही. फोटोत पाटील फेटा बांधून बोर्डापुढं नारळ फोडत होते. शेजारी नारळाचं ताट धरून एक काळा, काटक माणूस उभा होता. तो तिचा बाप होता. बातमीत त्याचं नाव कुठंच नव्हतं.

तिनं संतापानं मोबाइल काढला आणि त्या पानाचा फोटो घेतला. हा कागद तिच्या चाळणीतून अलगद जात होता. तिऱ्हाइतानं लिहिलेला, सविस्तर, छापील. यापेक्षा चांगला आधार तिनं वाहतुकीच्या विभागात क्वचितच पाहिला होता. आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटा होता.

नांदेडलाच आदर्शच्या घरी आबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी घरघरणारं मशीन. तिनं मोबाइलवरचा फोटो त्यांच्या डोळ्यांपुढं धरला.

"बघा आबा, काय छापलंय. तुम्ही मरमर मेलात आणि नाव कुणाचं!"

ग्यानोबानं फोटोतल्या ताटावर बोट ठेवलं. मग ते म्हणाले, "नारळ मीच आनला हुता. कंधारच्या बाजारातून."

"काय?"

"तसं छापाया मीच सांगितलं. दोन बोर्ड हिरीत गेले. म्हनलं, तिसरा बी जाईल. तवा पाटलाच्या वाड्यावर गेलो. म्हनलं, मालक, थांबा तुमी आनला म्हना, नारळ तुमीच फोडा. पेपरवाल्याला बी मीच घिऊन आलो." एवढं बोलून ते धापा टाकायला लागले. श्वास खाली बसल्यावर म्हणाले, "पाटलानं नारळ फोडलेला बोर्ड उपटायची कुनाची छाती हाय? न्हाई उपटला कुनी. बगितलास न्हवं, तुझ्या वयाएवढा जुना झाला."

बुद्धप्रिया, आबांची पिरी, खाटेच्या कडेला बसून राहिली. आयुष्यभर ऐकलेली गोष्ट तिला आज पहिल्यांदा पूर्ण कळली होती, आणि ती न कळती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"तुमचे अर्ज? एखादी पोच? एसटीचा शिक्का असलेलं काही?"

"पोच घ्यायची असती हे तवा कुठं ठावं हुतं माय."

ती उठून बाहेर गॅलरीत गेली आणि आदिनाथला फोन लावला. त्याच्याशी ती अशी कधी बोलली नव्हती. तिनं बातमी सोडून सगळं सांगितलं, कात्रण शोधतेय एवढंच म्हणाली. लेखात वडिलांचं सांगणं तेवढं घालू दे म्हणाली. छापील नाही, पण वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, केवळाबाई अजून आहे, ती पहिल्या गाडीत चढली होती, तिला फोन लावून देते. बोलता बोलता आपण भोकरच्या व्यंकटसारखे बोलतोय हे तिच्या लक्षात आलं, पण तिला थांबता येईना.

आदिनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणाल तर मी नियम बाजूला ठेवतो. खरंच ठेवतो, मला तुमच्यावर विश्वास आहे. पण मग त्या भोकरच्या माणसाला मी काय सांगू? त्याचा आजा खोटा होता का?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बातमी सापडली असेल तर ती द्या की," तो समजुतीनं म्हणाला. "लेख टिकेल. मी स्वतः माझी सूचना मागं घेतो."

"मी सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला.

आता तिच्यापुढं दोनच वाटा होत्या आणि दोन्ही तिनंच आखल्या होत्या. बातमी लपवली तर लेख जाणार आणि थांबा तालुक्याच्या यादीत एका ओळीत पडणार, पुढं पाठीमागं काही नसलेलं नुसतं नाव. बातमी दिली तर लेख राहणार, पाटलाच्या नावानं, कायमचा. तिला वाटलं, लपवावी. खोटं राहण्यापेक्षा काही न राहिलेलं बरं. कागदाच्या बाबतीत तिनं आजवर लबाडी केली नव्हती, पण ही लबाडी तिला मनापासून करावीशी वाटत होती. मात्र थांबा तिचा नव्हता. ती आत गेली आणि आबांना सगळं समजावून सांगितलं.

"बातमी न्हाई दिली तर?" त्यांनी विचारलं.

"तर लेख काढतील."

"बोर्ड काढल्यावानी?"

"हाव आबा."

मशीन घरघरत होतं. दाराशी आदर्श उभा होता, त्यानं मान फिरवली.

"दे मंग," ग्यानोबा म्हणाले.

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "एकदा दिलंत ना नाव? आता काय भीती आहे तुम्हाला? पाटील गेला, वाडा विकला, विहीर बुजली. आता कोण उपटणार आहे? आणि तुम्ही परत त्यालाच देता? माझ्या हातानं द्यायला लावता?"

"मला काय नाव नगं वाटतंय व्हय?" ते ओरडायला गेले, पण आवाज फुटला नाही, नुसता खोकला आला. आदर्शनं धावत येऊन पाठ चोळली. खोकला थांबल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खोकल्याचं की कशाचं हे कुणी विचारलं नाही. "नाव कुनाला नगं असतंय? पर थांबाच न्हाई राहिला तर नाव डकवू कुठं? तुझी माय त्या नालीत निजली हुती, पिरे. तिथून फुडं कुनी निजू नये म्हनून थांबा हुता. तो हुता एवढं तरी राहू दे. दे."

तिनं दिली. आपल्या हातानं बातमीचा फोटो चढवला, दैनिकाचं नाव, तारीख, पान, सगळं बिनचूक भरलं. चूक करणं तिला जमलंच नाही. खाली लिहिलं, 'मी लेखातील व्यक्तींच्या नात्यातली असल्याने निर्णयात भाग घेत नाही.' कुणाच्या नात्यातली, ते कुणी विचारलं नाही.

आदिनाथनं त्याच संध्याकाळी लेख नीट लिहून काढला. आदर्शनं लिहिलेला मजकूर, म्हणजे ग्यानोबाचं रस्त्यात उभं राहणं, विहिरीतले बोर्ड, नाली, हे सगळं आधार नाही म्हणून वगळलं. आपली सूचना मागं घेतली आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, 'उत्तम स्रोत शोधल्याबद्दल बुद्धप्रिया मॅडमचे आभार. लातूरची चाळणी काय असते ते पुन्हा दिसलं.' खाली बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं ते पान बंद केलं.

"राहिला का?" आबांनी विचारलं.

"राहिला."

"वाच की."

वाचू नये, काहीतरी कारण काढून उठावं, असं तिला फार वाटलं. पण ते तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं वाचायला सुरुवात केली. रुईबोर वस्ती हा कंधार तालुक्यातील एक विनंती थांबा होता. शेषेराव पाटील यांनी त्यासाठी प्रयत्न केले. अर्ज केले. पाठपुरावा केला. ग्यानोबा डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली होती. रस्ता रुंदीकरणात हा थांबा बंद झाला, इथं लेख संपत होता. तिनं मोबाइल खाली ठेवला.

"आन् फोटूचं?" ते म्हणाले. "फोटूचं काय लिवलं न्हाई?"

होतं. ते तिनं मुद्दाम वाचलं नव्हतं. आता तिनं वाचलं, "वृत्तपत्रातील छायाचित्रात शेषेराव पाटील नारळ फोडताना दिसतात. शेजारी ताट धरलेला एक ग्रामस्थ आहे."

ग्यानोबानं डोळे उघडले. उशीवरून उठायला लागले, आदर्शनं त्यांना धरलं.

"काय आहे?"

"एक ग्रामस्थ."

"मला म्हनले?"

"हाव आबा."

"छापून?"

"हाव."

त्यांच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उमटलं की बुद्धप्रियाला ते बघवेना. ती ओठ दाबून भिंतीकडे पाहत राहिली. एवढ्या आयुष्याच्या बदल्यात एवढं, आणि तेही आदिनाथनं त्या शब्दाचं मोल ठाऊक नसताना लिहिलेलं.

"पिरे," आबा म्हणाले, "तेवढंच परत वाच."

तिनं मोबाइल उचलला आणि परत वाचलं.